छोट्या गाड्या, गावाकडचे देखावे: डायोरामा बांधणं आणि त्याचे फोटो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यवतमाळ, वर्धा, वाशीम, बुलडाण्याकडच्या गावांतून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सामान तालुक्याच्या बाजारात, शेतात किंवा मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळेल असंच धरलं आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डायोरामा म्हणजे नेमकं काय? खेळण्यातली गाडी मातीत ठेवून फोटो काढला की झालं ना?

नाही. मातीत ठेवलेली गाडी ही मातीत ठेवलेली गाडीच दिसते. गाडी, रस्ता, झाड, माणूस, खडा हे सगळं एकाच मापात बसवून एखाद्या जागेचा एक क्षण उभा करणं म्हणजे डायोरामा. फोटो बहुतेक वेळा गाडीमुळे फसत नाही, तिच्या चाकाजवळच्या वाळूच्या दाण्यामुळे फसतो.

२. सुरुवातीला कोणत्या मापाची गाडी घ्यावी?

१:६४ किंवा १:४३. १:४३ म्हणजे खऱ्या गाडीचा त्रेचाळिसावा भाग. अ‍ॅम्बेसेडर खरी ४३२५ मि.मी. लांब, १:४३ मध्ये ती १० सें.मी. होते, १:६४ मध्ये पावणेसात. मारुती ८०० अनुक्रमे ७८ आणि ५२ मि.मी. पाच फूट पाच इंची माणूस १:४३ मध्ये ३८ मि.मी., १:६४ मध्ये २६, १:२४ मध्ये ६९ आणि १:१८ मध्ये ९२ मि.मी.

१:६४ स्वस्त आणि जिल्ह्याच्या गावी सहज मिळते, पण माणसं, चपला, पानठेल्यावरच्या पुड्या हाताने करायच्या तर बोटं पुरत नाहीत. ज्याला गोष्ट सांगायची आहे त्याने १:४३ घ्यावी असं आमचं मत. १:१८ ची गाडी देखणी असते, पण तिच्यासाठी साधा पानठेला करायचा तरी तो अर्धी वीत उंच होतो आणि देखावा खाटेएवढी जागा मागतो.

३. डब्यावर माप लिहिलेलंच नाही. किंवा लिहिलंय, पण दोन गाड्या जवळ ठेवल्या की एक बस आणि एक कार सारख्याच लांबीच्या दिसतात. असं कसं?

बरेच खेळणीवाले गाडी डब्यात मावेल अशी करतात, मापात नाही. म्हणून डब्यावर विसंबू नका. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि खऱ्या गाडीच्या त्याच अंतराला त्याने भागा. अ‍ॅम्बेसेडरचं हे अंतर २४६४ मि.मी., मारुती ८०० चं २१७५. तुमच्या खेळण्यातलं अंतर ६८ मि.मी. भरलं तर २४६४ ÷ ६८ = ३६, म्हणजे ती १:३६ आहे. मग माणसं आणि रस्ताही १:३६ चाच करायचा. दोन वेगळ्या मापाच्या गाड्या हाताशी असतील तर प्रश्न १६ पाहा.

४. पहिल्या देखाव्याला काय काय सामान लागतं?

१:४३ साठी ३० × ४० सें.मी. पुरे. तळाला (यालाच पुढे पाटी म्हटलं आहे) १२ मि.मी. प्लाय किंवा फ्लेक्सच्या दुकानातून ५ मि.मी. सनबोर्डचे (फोमच्या कडक शीटचे) दोन थर एकमेकांवर चिकटवून. उंचवट्यासाठी टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधला थर्माकोल. पाव किलो फेविकॉल, मैद्याची चाळणी, मलमलचा तुकडा, गेरू, रामरज (पिवळी माती), चुलीतली राख, कोळशाची पूड, पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग, चारशे नंबरचा पॉलिश पेपर, एम-सील, वाइंडिंगची तांब्याची तार.

थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नका, फेविबाँडसारखा विरघळवणारा गोंदही लावू नका. दोन्हींनी तो डोळ्यांदेखत वितळून खड्डा पडतो. आधी फेविकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राचे दोन थर द्या, ते वाळले की मग हवा तो रंग.

५. शेतातली खरी काळी माती लावली, दुसऱ्या दिवशी पुरी भेगाळून गेली. काय चुकून राहिलं?

मातीचं काहीच चुकलं नाही, ती तिच्या स्वभावाप्रमाणे वागली. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात मार्चनंतर पडतात त्याच भेगा तुमच्या पाटीवर पडल्या. पण त्या मापाबाहेरच्या आहेत: पाटीवरची ३ मि.मी. भेग १:४३ मध्ये १३ सें.मी. होते.

मातीचा गोळा थापायचा नाही, मातीची नुसती भुकटी चिकटवायची. माती तव्यावर १५-२० मिनिटं भाजून घ्या. त्याने ओल, अळ्या आणि तणाचं बी जातं. हे टाळलं तर पावसाळ्यात देखाव्यातून खरंच गवत उगवतं. मग मैद्याच्या चाळणीतून आणि नंतर मलमलमधून चाळा. १ मि.मी.चा दाणा १:४३ मध्ये ४ सें.मी.चा दगड होतो, १:६४ मध्ये ६.४ सें.मी.चा. तळ आधी गडद तपकिरी रंगवा, त्यावर घट्ट फेविकॉलचा पातळ हात फिरवा आणि भुकटी चाळणीनेच भुरभुरा. थर १ मि.मी.पेक्षा जाड नको. वाळल्यावर उलटं करून सुटी माती झटका. मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि दोन थेंब भांड्यांचं लिक्विड साबण असं मिश्रण फवारा. साबण नसेल तर पाणी भुकटीवर मोत्यांसारखं लोळतं आणि मातीचे गोळे होतात. वाळल्यावर रंग थोडा गडद होतो. वरून कोरड्या ब्रशने राख लावली की उन्हाळ्यातलं रान दिसतं.

नांगरटीची ढेकळं हवी असतील तर एक भाग भाजलेल्या मातीत एक भाग क्रशरची बारीक चुरी घाला. चुरी आकसत नाही, त्यामुळे भेगा जवळपास थांबतात.

६. डांबरी रस्ता रंगवला तर फळ्यासारखा दिसतो. खरा कसा दिसेल?

काळा रंग वापरला म्हणून. डांबर पहिल्या पावसाळ्यानंतर राखाडी होतं. पॉलिश पेपर (१:४३ ला ४०० नंबर, १:६४ ला ६००) सनबोर्डवर चिकटवा, त्यावर मध्यम राखाडी, आणि जिथून चाकं जातात तिथे दोन किंचित गडद पट्टे. गावच्या एकेरी रस्त्याची डांबरी रुंदी बहुधा ३.७५ मीटर, १:४३ मध्ये ८७ मि.मी., १:६४ मध्ये ५९. नवशिके हमखास दुप्पट रुंद करतात आणि गावचा रस्ता समृद्धी महामार्ग होऊन बसतो. कडा सरळ कापू नका, बोटाने तोडा. बाजूला गेरू आणि रामरज मिसळलेल्या चुरीचा मुरूम.

किलोमीटरच्या दगडाचं डोकं राष्ट्रीय महामार्गावर पिवळं, राज्य महामार्गावर हिरवं, ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर केशरी. एवढ्याशा रंगावरून बघणाऱ्याला कळतं की आपण कुठल्या रस्त्यावर उभे आहोत.

७. टिनाचं शेड आणि कवेलूचं घर कशाचं करावं?

टिनासाठी हार्डवेअरच्या दुकानातून आटे पाडलेला रॉड आणा. पत्र्याच्या दोन नळ्यांतलं अंतर साधारण ७६ मि.मी. असतं, १:४३ मध्ये १.८, १:६४ मध्ये १.२ मि.मी. एम-१२ रॉडच्या आट्याचं अंतर १.७५ मि.मी. आणि एम-८ चं १.२५ मि.मी., म्हणजे दोन्ही मापांना आयतेच. जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइल (जेवणाच्या पार्सलच्या डब्याचा तळ उत्तम) जुन्या रबरी चपलेच्या तळव्यावर ठेवा आणि रॉड दाबून एकदाच लाटा. पुन्हा फिरवला तर रेघांवर रेघा पडतात. आटे जरासे तिरके असल्याने रेघाही तिरक्या येतात, म्हणून पत्रा रेघेला धरून कापा, फॉइलच्या कडेला धरून नाही. गंज म्हणजे गेरू, पण तो खिळ्यांच्या ओळीखाली आणि जोडावर. सगळीकडे फासला तर शेड गेरूचं दिसतं.

कवेलूसाठी बारीक नळीचा पुठ्ठा (नळ्यांतलं अंतर ३ मि.मी.च्या आसपास) ओला करून वरचा कागद सोला, आडव्या अरुंद पट्ट्या कापा आणि खालून वर एकावर एक चढवत जा. मधूनच दोन-चार कवेलू सरकलेले, एक-दोन फुटलेले ठेवा. भिंतीला मातीच्या रंगाचा हात, खाली वीतभराच्या हिशेबाने म्हणजे ५ मि.मी. गेरूचा पट्टा.

विजेचा खांब विसरू नका. ८ मीटरच्या सिमेंटच्या खांबाचा साधारण सहावा भाग जमिनीत जातो, तेव्हा १:४३ मध्ये वर १५ सें.मी. दिसतो. तारांना शिवणाचा दोरा लावला तर फोटोत त्याची लव दिसते. वाइंडिंगची बारीक तार लावा आणि तिला झोल द्या.

८. कपाशीचं शेत करायचंय. खरा कापूस चिकटवला तर?

तर झाडाला उशा लटकल्यासारखं दिसेल. फुटलेलं बोंड ४ सें.मी. धरलं तरी १:४३ मध्ये ते १ मि.मी. भरतं, कापसाचा सर्वांत छोटा चिमटासुद्धा त्याच्या तिप्पट असतो. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांचे २५-३० मि.मी. तुकडे रोपं म्हणून रोवा, तपकिरी-हिरवा रंग द्या आणि टाचणीच्या टोकाने घट्ट पांढऱ्या रंगाचे ठिपके ठेवा. ओळींतलं अंतर २१ ते २८ मि.मी. म्हणजे खऱ्या तीन-चार फुटांचा हिशेब. मधून तुरीची एक ओळ.

मोठ्या झाडांसाठी धुऱ्यावरची वाळलेली मुळं उलटी लावा, पानांना हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला चाळलेला भुसा. गाजरगवताची फुलं झाडासारखी दिसतात म्हणून अनेक जण आणतात. त्याने अंगाला खाज आणि श्वासाचा त्रास होतो, हात लावू नका.

ऋतू जुळतोय का तेही बघा. पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चला, सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघून गेलेलं असतं. फुललेला पळस आणि शेजारी हिरवं सोयाबीन असा फोटो टाकला तर गावातलं शेंबडं पोरही हसेल.

९. माणसं आणि बैल कुठून आणायचे? तान्ह्या पोळ्याचे नंदी चालतील का?

रेल्वे मॉडेलची तयार माणसं बहुधा १:८७ ची असतात, ती १:६४ शेजारीही बुटकी दिसतात. वाइंडिंगच्या तारेचा सांगाडा करा: डोकं ते टाच १:४३ ला ३८ मि.मी. त्यावर एम-सीलचा पातळ थर. बसलेला, वाकलेला, कमरेवर हात ठेवलेला माणूस ताठ उभ्यापेक्षा सोपा आणि जिवंत. धोतर-लुगड्याला फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर. चेहरा रंगवू नका. दुपट्टा किंवा टोपीची सावली पुरे.

खऱ्या बैलाची खांद्यापर्यंतची उंची सव्वाचार-साडेचार फूट धरली तर १:४३ मध्ये बैल ३१ मि.मी. उंच. तान्ह्या पोळ्याचा १५ सें.मी.चा नंदी त्या हिशेबाने १:९ होतो. तो बैल म्हणून नाही चालणार. साडेसात सें.मी.चा मिळाला तर १:१८ च्या गाडीशेजारी, चाकं काढून, व्यवस्थित बसतो. बंडी (बैलगाडी) ज्वारीच्या धांड्याच्या साली आणि गराची करा; खऱ्या लाकडाच्या रेषा या मापात फार जाड पडतात.

१०. सगळं मापात केलं तरी फोटोत 'गोष्ट' दिसत नाही. नुसतं प्रदर्शन वाटतं.

कारण काहीच घडत नाहीये. देखाव्यात काहीतरी आत्ताच होऊन गेलेलं असावं किंवा आता होणार असावं. काळी-पिवळी उभी आहे एवढ्याने काही होत नाही. तिचं बोनेट उघडं, ड्रायव्हर दिसत नाही, प्रवासी गिट्टीच्या ढिगावर सावलीच्या बाजूला बसलेत आणि एक बाई पिशवी घेऊन पायीच निघालीय. आता बघणारा विचारतो, ड्रायव्हर गेला कुठे? रपट्याच्या (नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या) अलीकडे थांबलेली जीप, पलीकडे थांबलेली मोटारसायकल आणि मधे पाणी. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि रांगेत एकाच गाडीपुढे मोकळी जागा. बाभळीखाली अ‍ॅम्बेसेडर, टपावर लग्नाच्या फुलांचे वाळलेले हार, टायर बसलेले.

मांडून झालं की एकेक वस्तू उचलून बघा. उचलल्यावर काही बिघडलं नाही तर ती परत ठेवू नका. पहिल्या देखाव्यात लोक बकरी, कोंबडी, विहीर, मंदिर, हापसा सगळं कोंबतात आणि नजर कुठेच थांबत नाही.

बांधणीतही काही गोष्टी करता येतात. रस्ता पाटीच्या कडेला समांतर न ठेवता १५-२० अंश तिरका घ्या. कोणीही कॅमेऱ्याकडे पाहू नये. टायरचा तळ पॉलिश पेपरवर केसभर घासून सपाट करा. गोल टायर जमिनीला एका बिंदूत टेकतो आणि गाडी बिनवजनाची वाटते. चाकांचे माग गाडीच्या मागे हवेत, पुढे नकोत. ही चूक आठवड्यातून एकदा तरी दिसते.

काळही सांभाळा. अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती ८०० दोन्हींचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. नव्याकोऱ्या चकचकीत ८०० शेजारी आजचं मोबाइलचं पोस्टर खटकतं, धुळीने माखलेली ८०० नाही खटकत. नंबरप्लेट ५०० × १२० मि.मी.ची, म्हणजे १:४३ मध्ये ११.६ × २.८ मि.मी.; टॅक्सीला पिवळी. एमएच २९ यवतमाळ, ३२ वर्धा, ३४ चंद्रपूर, ३७ वाशीम, ४० नागपूर ग्रामीण. खऱ्या कोणाचा पूर्ण नंबर टाकू नका. सुरुवात वाचता आली, बाकी चिखलाने झाकली की झालं.

११. नवी गाडी जुनी, धुळकट कशी करायची?

चकचकीत रंगावर पूड टिकत नाही. काचांवर टेप लावून आधी मॅट व्हार्निशचा हलका फवारा द्या. पाऊस सुरू असताना फवारू नका. दमट हवेत व्हार्निशवर पांढरट झाक येते. मग राख दोन भाग, चाळलेली काळी माती एक भाग, चिमूट रामरज, मऊ ब्रशने. धूळ दाराच्या खालच्या तिसऱ्या भागात आणि मागच्या बाजूला जास्त. पुढच्या काचेवर वायपरचा अर्धगोल स्वच्छ ठेवायचा असेल तर तिथे टेपचा तुकडा. सुटलेली काच फेविक्विकने चिकटवू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं धरतं, फेविकॉल वापरा.

१२. फोटो काढला की खेळणंच वाटतं. कॅमेरा महागाचा घ्यावा लागेल का?

नाही, खाली घ्यावा लागेल. १:४३ च्या माणसाचे डोळे जमिनीपासून ३६ मि.मी.वर असतात, १:६४ च्या २४ मि.मी.वर. लेन्स त्या उंचीला हवी. मोबाइल उलटा धरा म्हणजे लेन्स खालच्या टोकाला येते. वरून काढलेला फोटो म्हणजे विमानातून किंवा खेळणाऱ्या पोराच्या नजरेतून.

दुसरं कारण धूसरपणा. जवळून फोटो काढला की पुढचा दिवा स्पष्ट आणि मागचा टप धूसर होतो. खऱ्या गाडीच्या फोटोत असं सहसा होत नाही, म्हणून डोळा लगेच ओळखतो. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड बंद, मॅक्रोवर आपोआप जाणंही बंद. ५०-६० सें.मी. मागे सरका आणि दोन पट झूम घ्या. कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र एफ/११ ते एफ/१६, स्टँड आणि दोन सेकंदांचा टायमर. एफ/२२ ला सगळंच थोडं मऊ पडतं. तरीही भागत नसेल तर फोकस पुढून मागे सरकवत पाच-सहा फोटो काढा आणि संगणकावर एकत्र करा.

तिसरं, उजेड. खोलीत चार बाजूंनी दिवे लावले की चार सावल्या पडतात. सूर्य एकच असतो. सकाळी साडेआठच्या आत किंवा सूर्यास्ताआधीचा तास घ्या, नाहीतर एकच दिवा लांब ठेवा. काळ्या मातीमुळे कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) -०.७ वर आणा.

१३. मागे खरं शेत घेऊन फोटो कसा काढतात? गाडी खरी वाटते, पण आमची जमत नाही.

यात दोनच आकडे लागतात. पहिला, अंतर: लेन्सपासून गाडीपर्यंतचं अंतर गुणिले माप. गाडी ६० सें.मी.वर आणि माप १:४३ असेल तर ६० × ४३ = २५८० सें.मी., म्हणजे सुमारे २६ मीटरवरचं खरं घर गाडीच्या शेजारी असल्यासारखं बरोब्बर मापात दिसतं. त्याहून जवळचं घर राक्षसासारखं मोठं. म्हणून आधी २६ मीटर पावलांनी मोजा. झाडं, टेकडी ५० मीटरच्या पलीकडे असतील तर चूक होतच नाही.

दुसरा, उंची: लेन्स देखाव्यावर ३६ मि.मी. आहे, म्हणजे ४३ पट केल्यावर दीड मीटर. खऱ्या जमिनीपासूनही ती तितकीच उंच हवी, तरच देखाव्याचा रस्ता आणि मागचं रान एका पातळीत येतं. टेबल ७५ सें.मी.चं असेल तर मागचं शेत रस्त्यापेक्षा पाऊण मीटर उंच चढल्यासारखं दिसतं. फळी छातीच्या वर ठेवा, ड्रमवर विटा रचून. किंवा देखाव्याच्या मागच्या कडेला १५-२० मि.मी. उंचीचा धुरा बांधून ती पायरी लपवा.

साध्या डीएसएलआरवर १८ मि.मी., एफ/१६ आणि फोकस सुमारे १.१ मीटरवर ठेवला तर साधारण ५५ सें.मी.पासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मोबाइलवर दोन फोटो काढावे लागतील, एक गाडीवर फोकस, एक शेतावर. सूर्य कोणत्या बाजूला हे बघण्याची गरज नाही, गाडी आणि शेत दोन्हींवर तो एकच असतो. याच कारणाने ही पद्धत छापील आकाशापेक्षा सरस. छापील घ्यायचंच तर चकाकणारा फ्लेक्स नको. आणि मे महिन्यातलं आकाश निळं नसतं, धुरकट पांढरं असतं.

१४. गाडीचे दिवे लावून रात्रीचा फोटो?

३ मि.मी.चे पिवळसर पांढरे एलईडी. मोबाइल चार्जरच्या ५ व्होल्टवर प्रत्येक एलईडीला १५० ओहमचा रेझिस्टर, १२ व्होल्टच्या बॅटरीवर ४७० ओहमचा. पॉवर बँकेवर लावलं तर अर्ध्या मिनिटात विझतं अशी तक्रार येते. इतका कमी करंट पाहून ती स्वतःच बंद होते. बटण सेल लावा. रात्र म्हणजे पूर्ण काळोख नाही: सूर्यास्तानंतर वीस मिनिटांचा निळसर उजेड असताना आयएसओ १००, २ ते ८ सेकंद.

१५. पावसाळ्यात फेविकॉल वाळत नाही, बुरशी येते. उन्हाळ्यात जोड सुटतात. उधई तर पाटीच खाऊन गेली. काय करावं?

जुलै-ऑगस्टमध्ये थर अर्ध्या जाडीचे द्या आणि दोन थरांमध्ये एक दिवस सोडा. गोंदाच्या पाण्यात चिमूटभर बोरिक पावडर घातली तर बुरशी आणि झुरळं दोन्ही दूर राहतात. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. प्लाय सहाही बाजूंनी रंगवा, एकच बाजू रंगवली तर ती वाकते. उधईच्या घरात पुठ्ठा आणि एमडीएफ टाळा, सनबोर्ड वापरा, आणि पाटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका.

ग्लू गनचा गोंद उष्णतेने मऊ होतो. मे महिन्यात बंद गाडीतून देखावा नेला तर झाडं आडवी पडणारच. नेण्याचा देखावा फेविकॉल आणि तारेच्या खुंट्यांनी जोडा. नाल्याच्या पाण्यासाठी एपॉक्सी रेझिन ओतत असाल तर तेही उन्हाळ्यात लवकर तापून आवळतं, म्हणून पहाटे, ३ मि.मी.च्या थरात ओता आणि २४ तास खोकं झाकून ठेवा, नाहीतर पाण्यावर धूळ आणि माश्या. रपट्यावरच्या ओल्या डबक्याला रेझिनची गरज नाही, चकचकीत पारदर्शक नेलपॉलिशचे तीन हात पुरतात.

१६. १:४३ आणि १:६४ एकाच फोटोत चालतील का?

चालतील, शेजारी नाही. मोठी पुढे, छोटी मागे. १:६४ ची गाडी लेन्सपासून ६० सें.मी.वर असेल तर ती ९० सें.मी.वरच्या १:४३ सारखी दिसते, म्हणजे छोट्या पाटीवर आयती दीड पट खोली मिळते. दोघींच्या मधल्या रस्त्याची रुंदीही त्याच प्रमाणात निमुळती करा आणि मधे एक वळण किंवा झुडूप टाका.

१७. शकुंतलेच्या रुळांचं फाटक करायचंय. कोणते रूळ घ्यावेत?

शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज मार्गावर धावायची ती गाडी; रुळांतलं अंतर ७६२ मि.मी. १:६४ मध्ये ते ११.९ मि.मी. होतं आणि १२ मि.मी.चे तयार रूळ त्याला जवळपास तंतोतंत बसतात. १:४३ मध्ये १७.७ मि.मी. लागतात, बाजारातले एचओ (१:८७ च्या रेल्वे मॉडेलचे) रूळ १६.५ मि.मी.चे. सव्वा मि.मी.ची ही तूट फाटकाच्या फळ्यांमध्ये दिसत नाही. पण स्लीपर बदला, एचओचे स्लीपर फार छोटे आणि दाट असतात. तुराटीच्या चिरफळ्या कापून अंतर वाढवून लावा. रुळाच्या बाजूंना गेरू, वरचा माथा गाडी चालू असतानाचा देखावा असेल तरच चमकता. बंद पडल्यानंतरचा असेल तर माथाही गंजलेला आणि स्लीपरांमध्ये गवत.